विचार तराजूत तोलणारा डॉक्टर

पहाटेच्या सुमारास अपघात विभागात येणारा लकव्याचा रुग्ण आम्हा डॉक्टरांची एका प्रश्नावर फार अडचण करतो. नातेवाईक सांगतात, रात्री जेवून चांगले झोपले होते, पाचला उठवायला गेलो तर तोंड वाकडे आणि उजवा हात उचलत नाही. म्हणजे झटका नेमका कधी आला? रात्री अकराला की पहाटे साडेचारला? गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि इथे घड्याळ कधी सुरू झाले हेच कोणाला ठाऊक नसते. खेड्यात याला ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. त्यात आधी मालिश, मग गावातला एखादा उपाय, मग तालुक्याचा दवाखाना आणि शेवटी आमच्याकडे, असा प्रवास झाला असेल तर बोलायलाच नको.

अशा वेळी घड्याळापेक्षा मेंदूलाच विचारलेले बरे. रक्तपुरवठा तुटला तरी मेंदूचा सगळा भाग एकदम मरत नाही. मधला गाभा जातो आणि त्याच्याभोवती एक पट्टा राहतो. तो उपाशी असतो, काम थांबवलेले असते, पण जीव असतो. १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त लागते. ते २० च्या खाली गेले की पेशी गप्प बसतात आणि १० च्या आसपास आले की मरू लागतात. उपाशी पट्टा किती आणि मेलेला गाभा किती, हे मोजता आले तर उशिरा आलेल्या काही निवडक रुग्णांची गुठळी नळी घालून काढता येते. ही मुदत १६ ते २४ तासांपर्यंत जाऊ शकते, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांनी दाखवले. त्यासाठी मेंदूतला रक्तप्रवाह मोजावा लागतो. आज ते काम एमआरआय किंवा सीटी स्कॅन करते. ही मोजणी माणसात पहिल्यांदा मन लावून कोणी केली हे शोधत गेले, की आपण एका सुताराच्या मुलापाशी येऊन पोहोचतो. त्याचे नाव आंजेलो मोसो.

मोसोचा जन्म ३० मे १८४६ रोजी इटलीच्या उत्तरेकडील ट्यूरिन शहरात झाला. बालपण जवळच्याच किएरी गावात गेले. वडील सुतार, आई शिवणकाम करायची, घरची परिस्थिती बेताची. इटली हा एकसंध देश तोवर झालेलाच नव्हता. तो १८६१ मध्ये झाला आणि ट्यूरिन त्याची पहिली राजधानी बनली. नव्या देशाला शाळा, रुग्णालये, प्रयोगशाळा सगळेच हवे होते आणि हुशार पण गरीब मुलांना वर यायला वाट मिळत होती. १८७० मध्ये मोसो डॉक्टर झाला. काही काळ त्याने सैन्यात डॉक्टर म्हणून काम केले, मग फ्लोरेन्सला मोरिट्झ शिफ यांच्या हाताखाली आणि पुढे जर्मनीतल्या लाइपझिगला कार्ल लुडविग यांच्या प्रयोगशाळेत गेला.

लुडविग यांच्याविषयी दोन शब्द सांगायला हवेत. शरीरात जे घडते ते कागदावर रेघ बनून उमटले पाहिजे, हा या माणसाचा ध्यास होता. काजळी धरलेला कागद फिरत्या पिंपावर गुंडाळायचा आणि नाडीच्या ठोक्याने हलणारी सुई त्यावर टेकवायची, हे यंत्र त्यांचे. आज आयसीयूतल्या पडद्यावर जी हिरवी रेघ पळते तिची ही पणजी. मोसो तिथून हाच ध्यास घेऊन परतला. १८७५ मध्ये ट्यूरिन विद्यापीठात औषधशास्त्राचा प्राध्यापक आणि १८७९ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, याकोब मोलेशॉट यांच्या जागी शरीरक्रियाशास्त्राचा प्रमुख झाला.

त्याला हवा होता मेंदू. पण मेंदू कवटीत बंद. हाताची नाडी बोटाने लागते, छातीला कान लावता येतो, मेंदूला काय लावणार? मोसोने वाट काढली ती अपघातग्रस्तांकडून. १८७७ मध्ये त्याच्याकडे बर्टिनो नावाचा ३७ वर्षांचा शेतकरी आला. चर्चच्या घंटाघराखाली उभा असताना सुमारे १४ मीटर उंचीवरून वीट त्याच्या डोक्यात पडली होती. कवटीचे फुटलेले तुकडे काढल्यावर तिथे भोक राहिले आणि त्यातून मेंदूची स्पंदने दिसत होती. तान्ह्या बाळाची टाळू उडताना आपण सगळ्यांनीच पाहिली आहे, तसेच काहीसे, पण मोठ्या माणसात. मोसोने त्या भोकावर गटापर्चाची, म्हणजे रबरासारख्या चिकाची, छोटी घुमटी हवाबंद बसवली, तिला नळी जोडली आणि नळीतल्या हवेच्या दाबाने हलणारी सुई कागदावर टेकवली. मेंदूत रक्त जास्त आले की रेघ वर, कमी झाले की खाली.

खरी चतुराई पुढची आहे. त्याने बर्टिनोच्या हाताचीही अशीच रेघ शेजारी घेतली. मेंदूची रेघ चढली आणि हाताचीही चढली, तर हृदयच जोरात धडधडले एवढाच अर्थ. मेंदूची चढली आणि हाताची होती तिथेच राहिली, तर मेंदूने स्वतःकडे रक्त ओढले. तुलनेला शेजारी दुसरे काहीतरी ठेवायचे, हे आज एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला शिकवतो, आणि तरीही अर्धे प्रबंध तिथेच घसरतात.

प्रयोग चालू असताना दुपारचे बारा वाजले आणि चर्चची घंटा झाली. बर्टिनो काही बोलला नाही, हलला नाही, पण मेंदूची रेघ वर चढली. मोसोने त्याला विचारले, प्रार्थनेची आठवण झाली का? तो प्रश्न ऐकताच रेघ पुन्हा चढली. नंतर त्याने बर्टिनोला आठ गुणिले बारा किती असे विचारले. शेतकरी मनात हिशेब करू लागला तशी मेंदूची स्पंदने वाढली. हात मात्र होता तसाच. मनात घडणाऱ्या गोष्टीची अशी शारीरिक खूण त्याआधी क्वचितच कोणी कागदावर पकडली असेल. कवटीला असेच भोक पडलेल्या इतर रुग्णांवरही त्याने नोंदी घेतल्या. गाढ झोपेत असलेल्या रुग्णाला हलकेच नावाने हाक मारली तर तो जागा होत नसे, पण मेंदूची रेघ बदलत असे. १८८० च्या सुमारास हे सगळे पुस्तकरूपाने आले.

त्या काळी संमतिपत्र नव्हते, नीतिमत्ता समिती नव्हती. रुग्ण गरीब होते आणि डॉक्टर हा देव होता. आजच्या नजरेने ते वाचताना मी थोडा अस्वस्थ होतो. पण मोसोने त्या माणसांना इजा केली नाही आणि त्यांना ‘केस’ म्हणून न ठेवता माणसे म्हणून लिहिले, म्हणूनच त्या शेतकऱ्याचे नाव दीडशे वर्षांनी संभाजीनगरात बसून मला ठाऊक आहे.

आता पुढची अडचण. प्रत्येकाच्या डोक्यावर काही वीट पडत नाही. धडधाकट माणसाच्या मेंदूचे रक्त कसे मोजायचे? इथे मोसोने जे केले ते ऐकून कोणालाही हसू येईल. त्याने माणूस तोलायचे ठरवले. एक लांब लाकडी फळी, मध्यभागी धारेवर तोललेली, लहान मुलांच्या बागेतल्या सीसॉसारखी. तिच्यावर माणसाला उताणे निजवायचे. डोके एकीकडे, पाय दुसरीकडे. वजने सरकवून फळी अगदी समतोल करायची. मग माणसाने काही विचार केला, वाचले, दचकला, तर रक्त डोक्याकडे जाईल आणि फळी डोक्याकडे कलेल. मोंढ्यात धान्य तोलतात त्याच तत्त्वावर विचार तोलायचे! सुताराच्या मुलाला हे सुचले यात मला नवल वाटत नाही. (हे माझे मत, पुरावा काही नाही.)

पण हसण्यावारी नेऊ नका. ही फळी मोसोने कमालीच्या काळजीने बांधली होती. नुसती फळी धारेवर ठेवली तर ती जरा कलली की धाडकन पडते. म्हणून त्याने फळीखाली उभा दांडा आणि त्याला जड वजन लावले. त्यामुळे फळी कलली तरी परत मध्यावर यायची. माणसाला त्यावर बराच वेळ निपचित पडून राहावे लागे, कारण उभ्याचा आडवा झाल्यावर पायांतले रक्त जागा बदलते आणि स्थिरावायला वेळ लागतो. प्रत्येक श्वासाला फळी सावकाश वरखाली व्हायची, कारण श्वासासोबत रक्त छातीकडे आणि पायांकडे ये-जा करते. मोसोने हे टाळले नाही, उलट ती श्वासाची लय नोंदवून घेतली आणि तिच्यावर चढलेला बदल शोधला. आज एमआरआयच्या आकड्यांतून श्वासाचा आणि नाडीचा गोंधळ संगणकाने वजा करतात. काम तेच आहे.

१८८४ मध्ये त्याने या तराजूचा निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेत विल्यम जेम्स यांनी आपल्या १८९० च्या मानसशास्त्राच्या प्रसिद्ध ग्रंथात त्याची दखल घेतली. लोकांमध्ये तर या यंत्राची दंतकथाच झाली, आत्मा तोलणारे यंत्र म्हणून.

तराजूचे निकाल कितपत खरे होते? माझे मत असे, की कल्पना अचूक होती पण साधन तिला पुरे पडणारे नव्हते. एक तर स्नायू किंचित आखडला तरी फळी हलते. दुसरे कारण महत्त्वाचे. तराजू सांगतो मेंदूत रक्त किती आहे. आपल्याला हवे असते ते मेंदूतून रक्त मिनिटाला किती वाहते. हा फरक आपल्याकडच्या वाचकाला वेगळा समजावायला नको. नाथसागरात पाणी किती टक्के आहे ही एक बातमी आणि दरवाजे उघडून किती क्युसेकने सोडले ही दुसरी. धरण भरलेले असून कालवा कोरडा असू शकतो. मेंदूतही तसेच होते. धमनी अरुंद झाली की पुढच्या रक्तवाहिन्या स्वतःला ताणून रक्त साठवतात. साठा भरपूर, प्रवाह मात्र कमी. अशा रुग्णाला तराजूने निरोगी ठरवले असते.

प्रवाहाचे कोडे सुटायला पुढची साठ वर्षे लागली. १८९० मध्ये इंग्लंडमध्ये रॉय आणि शेरिंग्टन यांनी मांडले, की मेंदूचा जो भाग काम करतो तो आपल्याला लागेल तेवढे रक्त स्वतः मागवून घेतो. १९४५ मध्ये अमेरिकेत केटी आणि श्मिट यांनी भुलीचा वायू हुंगायला देऊन, धमनीतले आणि मानेच्या शिरेतले प्रमाण ताडून पाहिले, तेव्हा माणसाच्या मेंदूला मिनिटाला किती रक्त मिळते याचा पहिला भरवशाचा आकडा आला. पूर्ण मेंदूला सुमारे ७०० ते ७५० मिलिलिटर. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा दोन टक्के आणि हृदयाने फेकलेल्या रक्तात जवळपास १५ टक्के.

एमआरआय ज्या चुंबकीय अनुनादावर चालते, त्याच्या आरंभीच्या कहाणीत आपल्या देशाचीही दोन पाने आहेत. शं. शि. धर्मट्टी यांनी अर्नोल्ड आणि पॅकार्ड यांच्यासह १९५१ मध्ये अमेरिकेत अल्कोहोलच्या रेणूतले हायड्रोजन वेगवेगळे ओळखता येतात हे दाखवले आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाची प्रयोगशाळा उभी केली. त्याच १९५१ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील जी. सूर्यन यांनी दाखवले की नळीतले द्रव वाहते असेल तर त्याचा अनुनादाचा संकेत स्थिर द्रवापेक्षा वेगळा येतो. वाहत्या रक्ताची एमआरआयने मोजणी होते तिचे मूळ या निरीक्षणापर्यंत जाते. आमच्या पाठ्यपुस्तकांत हे नाव सापडत नाही.

आज वापरात असलेली एक पद्धत १९९२ मध्ये आली. जॉन डेट्रे, विल्यम्स आणि सहकाऱ्यांची. तिच्यात सुई नाही, रंगद्रव्य नाही. आपल्या पाणचक्कीला येणारी जुनी नहर डोळ्यासमोर आणा. वरच्या बाजूला नहरीत मूठभर गुलाल टाकला आणि ठरावीक वेळाने चक्कीपाशी किती गुलाल पोहोचला ते पाहिले, तर पाण्याचा वेग कळेल. एमआरआयमध्ये गुलाल बाहेरून घालत नाहीत. मानेतून वर चाललेल्या रक्तातल्या पाण्यावर रेडिओलहरींनी चुंबकीय शिक्का मारतात. सुमारे पावणेदोन ते दोन सेकंद थांबून मेंदूचे चित्र घेतात. मग शिक्का न मारता दुसरे चित्र. दोन्हींची वजाबाकी केली की शिक्का मारलेले रक्त कुठे किती पोहोचले ते उरते. फरक असतो जेमतेम एक टक्का, म्हणून अशी चित्रे पुन्हा पुन्हा घेऊन सरासरी काढावी लागते. चार-पाच मिनिटे जातात. शिक्का दोन-तीन सेकंदांत पुसट होतो, त्यामुळे वयस्कर माणसात रक्त हळू चढत असेल तर यंत्र त्या भागाला विनाकारण उपाशी ठरवू शकते. वाचणाऱ्या डॉक्टरला हे ठाऊक असावे लागते.

लकव्याच्या घाईत बहुधा सीटी किंवा इंजेक्शन देऊन केलेली एमआरआय वापरतात, कारण ती झटपट होते. बिनसुईची पद्धत उपयोगी पडते ती लहान मुलांत, मूत्रपिंडाच्या रुग्णांत आणि ज्यांची तपासणी पुन्हा पुन्हा करायची त्यांच्यात. कुटुंबीयांना माझी विनंती एवढीच असते, की आतल्या माणसाला हलू नको म्हणून नीट समजावून पाठवा. एक टक्क्याचा फरक मान हलवल्याने कुठल्या कुठे वाहून जातो. मोसोच्या फळीवर निजणाऱ्यालाही हेच सांगितले जायचे.

मोसो स्वतः मात्र तराजूपाशी थांबला नाही. १८८४ मध्येच त्याने भीतीवर पुस्तक लिहिले, ते अनेक भाषांत गेले. १८९१ मध्ये थकव्यावर. बोटाला दोरीने वजन बांधून ते थकेपर्यंत उचलायला लावणारे एक यंत्र त्याने बनवले होते. त्यावर दिसले की विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेऊन आलेल्या त्याच्या सहकाऱ्याचे बोट रोजच्यापेक्षा लवकर हार मानते. म्हणजे डोक्याचा थकवा हातात उतरतो. (परीक्षक म्हणून मी याला दुजोरा देतो.) त्याच पुस्तकात सिसिलीच्या गंधकाच्या खाणीत पाठीवर ओझी वाहून खुरटलेल्या पोरांविषयी त्याने पोटतिडकीने लिहिले. ते वाचताना मला दरवर्षी कोयता घेऊन कारखान्यांकडे निघणाऱ्या आपल्या मराठवाड्यातल्या बैलगाड्या आठवतात. १८९५ मध्ये त्याने बोटांवरून रक्तदाब मोजणारे यंत्र केले. पुढच्याच वर्षी त्याच ट्यूरिनमध्ये रिव्हा-रोची यांनी दंडाला गुंडाळायचा पट्टा आणला, जो आज प्रत्येक दवाखान्यात आहे.

मग त्याला डोंगरांनी ओढले. आल्प्समधील मोंते रोझावर साडेचार हजार मीटरहून उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या पावणेतीन पट उंचीवर, एक लाकडी निवारा आहे. १८९४ मध्ये मोसो सैनिक आणि यंत्रे घेऊन तिथे चढला. झोपेत माणसाचा श्वास लाटांसारखा वाढतो, कमी होतो, क्षणभर थांबतो, हे त्याने तिथे टिपले. एक सैनिक गंभीर आजारी पडला, त्याचे मोसोने केलेले वर्णन उंचीवरच्या आजाराच्या अभ्यासकांना आजही उपयोगी वाटते. पण इथे मोसो चुकलाही. उंचीवरचा त्रास ऑक्सिजन कमी पडल्याने नव्हे तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटल्याने होतो, असे त्याने ठामपणे मांडले. मुख्य दोषी ऑक्सिजनच, हे नंतर सिद्ध झाले. गंमत अशी, की मेंदूतला रक्तप्रवाह कमीजास्त करणारा सगळ्यात जबरदस्त घटक कार्बन डायऑक्साइडच आहे. घाबरून भराभर श्वास घेणाऱ्याला गरगरते ते त्यामुळेच. उत्तर बरोबर होते, प्रश्न दुसराच होता.

१९०४ मध्ये त्याला सिनेटर केले गेले. त्याच सुमारास मज्जारज्जूच्या आजाराने त्याला गाठले आणि प्रयोगशाळेतली धावपळ थांबली. तेव्हा साठीकडे झुकलेला हा माणूस पुरातत्त्वाकडे वळला आणि क्रीट बेटावरच्या उत्खननात रमला. १९०७ मध्ये मोंते रोझाच्या कुशीत संशोधकांसाठी त्याने खटपट करून उभारलेली संस्था सुरू झाली. ती पुढे त्याच्या नावाने ओळखली गेली. २४ नोव्हेंबर १९१० रोजी ट्यूरिनमध्ये त्याचे निधन झाले. वय ६४.

तराजू त्यानंतर विस्मरणात गेला. शंभरएक वर्षांनी इटलीतल्या काही तरुण अभ्यासकांनी मोसोच्या मूळ हस्तलिखित नोंदी शोधून काढल्या आणि २०१४ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात मांडल्या. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये डेव्हिड फील्ड आणि लॉरा इनमन यांनी आधुनिक, संवेदनशील काट्याने हा प्रयोग पुन्हा करून पाहिला. स्वयंसेवकांना फळीवर निजवून आवाज ऐकवले. डोक्याकडचा भार अगदी किंचित, पण मोजता येईल इतका वाढला.